समुद्र न दिसणारं घर

“समुद्र दिसणार नाही असं घर दाखव मला,” काकू म्हणाल्या.

मी पेन उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं. रत्नागिरीत लोकांना घरं दाखवायला लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्या वर्षात आलेल्या बहुतेक प्रत्येक गिऱ्हाइकानं आधी समुद्राची चौकशी केली होती. दिसतो का, किती दिसतो, पुढे इमारत उठली तरी दिसेल का. मोरीच्या खिडकीत टाचा उंच केल्यावर दिसणारी टीचभर निळी पट्टी पाहून एक गृहस्थ हरखून गेले होते.

“अजिबात नको?” मी विचारलं.

“दिसायला नको, ऐकूही यायला नको. आत कुठे तरी बघ, चार माणसांत. खारं वारं सोसत नाही गं आता. गुडघे धरतात.” गुडघ्यांचं सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पुढे हलकेच म्हणाल्या, “आणि बाय, मी आले होते हे ह्यांना कळू देऊ नकोस. त्यांचा जीव आहे समुद्रावर. मी नको म्हटलं तर तेही लगेच नको म्हणतील आणि मग आयुष्यभर झुरतील. तुझं तूच दाखव असं एखादं. आवडलं त्यांना, तर बघू.”

वहीत मी नाव लिहिलं, कुमुदिनी आडिवरेकर. साठीच्या असाव्यात. सडपातळ बाई, सुती साडी, पदराला पिन. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या आणि रस्त्यावर हॉर्न वाजला की मान तिकडे वळत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण ती जन्मापासूनच असल्यासारखी चेहऱ्यात मुरून गेलेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे यजमान आले. नाव सांगितलं तेव्हा मी दचकले, पण चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. दत्ताराम आडिवरेकर लाइटहाउस खात्यातून तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. गोव्यापासून कच्छपर्यंत कितीतरी दीपगृहांवर चौतीस वर्षं काढलेली. स्वतःचं घर कधी नव्हतंच. मुलगी लग्न होऊन बेळगावला, आणि ही दोघं सध्या मांडवीला, समुद्राकाठच्या एका भाड्याच्या खोलीत.

“समुद्र समोर हवा,” ते म्हणाले. “मधे झाड नको, तार नको. सरळ पाणी.”

“तुम्हाला सवय झाली असेल ना काका.”

“माझं काय! मला चार भिंती पुरतात.” ते पुढे वाकले. दात थोडे पुढे आलेला, उन्हानं रापलेला चेहरा एकदम पोरासारखा झाला. “हिच्यासाठी हवंय. हिला समुद्राचं वेड आहे. बोलत नाही, पण मला ठाऊक आहे ना. रात्री केव्हाही बघावं, खिडकीशी बसून समुद्र बघत असायची. प्रत्येक क्वार्टरला हेच. अजूनही, मांडवीला, तसंच. तिच्या खिडकीत समुद्र कायमचा ठेवायचाय मला. पण तिला बोलू नकोस हां. एकदम नेऊन दाखवणार आहे.”

ते गेल्यावर मी बराच वेळ शटरशी उभी राहिले. हा धंदा मुळात माझ्या भाईमामाचा. त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर हिरवी पट्टी, म्हणून दुकान माझ्या एकटीवर आलेलं. रात्री जेवताना मी त्याला नावं न घेता सगळं सांगितलं. मामानं भात कालवता कालवता ऐकलं.

“दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या ना? मग तिसरी आपण सांगायची नाही,” तो म्हणाला. “दोन्ही घरं दाखव नि गप्प राहा. घर काय ते बोलतं.”

मला हे तेव्हा मामाच्या नेहमीच्या बोलण्यापैकी वाटलं. नळ सोडून बघ, पश्चिमेच्या भिंतीला हात लाव, जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांचा आवाज ऐक, असं तो सतत काही ना काही सांगायचा. मी माना डोलवायची आणि गिऱ्हाइकाला गॅलरीतून सूर्यास्त दाखवायची. सूर्यास्त दाखवला की काम होतं हे मला एव्हाना कळलं होतं.

गुरुवारी काकांना एकट्यांना मुरुगवाड्याच्या बाजूचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. ते थेट हॉलच्या खिडकीत जाऊन उभे राहिले. समोर नुसतं पाणी होतं. “हेच,” ते म्हणाले. “आता हिला शनिवारी आणतो. पाचला बिल्डरकडे जाऊन नक्की करून टाकू.”

बिल्डरही खूश, मीही खूश व्हायला हवी होते. पण काकूंचा तो खुर्चीच्या कडेवर बसलेला आकार डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

शनिवारी जेवणं उरकून ती दोघं आली. फेब्रुवारीचे दिवस होते. हवेत आंब्याच्या मोहोराचा जड, गोडसर वास होता, ज्यानं माणसाला भर दुपारी उभ्याउभ्या पेंग येते. काकांनी काकूंना डोळे मिटायला सांगून हॉलच्या खिडकीपर्यंत हाताला धरून नेलं.

“उघड आता.”

काकूंनी डोळे उघडले. समोर उन्हात वितळल्यासारखा समुद्र पसरला होता. एक होडी दिसत होती, तीही हलतेय की नाही कळत नव्हतं. मी काकूंकडे बघत होते. त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला आणि त्यांची बोटं खिडकीच्या गजावर आवळली गेली. काकांना हे मागून दिसत नव्हतं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

“नुसतं छान?”

“खूप छान आहे हो. तुम्हाला आवडलं ना, मग झालं.”

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओटा बघितला, नळ सोडून बघितला, खिडकीची बिजागरी बोटानं घासली. खाऱ्या हवेनं ती आत्ताच तांबूस झाली होती. बाहेर येऊन पुन्हा म्हणाल्या, “छान आहे.” माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते न बघणं मला जास्तच टोचलं.

दोन वाजले होते. पाचपर्यंत तीन तास. बोलायचं नव्हतं, वचन दिलं होतं, तेही दोघांना. मी जिन्यात सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “काका, एवढ्या उन्हात घरी कुठे जाता? नाचण्याला एक फ्लॅट आहे, मला तिथल्या खिडक्या उघडून हवा खेळवायचीय. वाटेवरच आहे. थोडं बसा, मग तिथूनच बिल्डरकडे जाऊ.”

वाटेवर तो अजिबात नव्हता. पण काका गावात नव्या आलेल्या माणसांसारखे भोळे होते, बरं म्हणाले. रिक्षानं समुद्र मागे टाकून नाचणे गावात गेलो.

तो फ्लॅट पहिल्या मजल्यावर, इमारतीच्या पाठच्या अंगाला होता. कोणी घेत नव्हतं. हॉलच्या खिडकीतून मागच्या चाळवजा घरांचं सामाईक अंगण दिसायचं. तिथे दोऱ्यांवर कपडे, एक विहीर, विहिरीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. बेडरूमच्या खिडकीखाली एका शिंप्याचं मशीन चालायचं. पलीकडे एक बाई शिकवणी घेत होत्या आणि सातआठ मुलं एका सुरात पाढे म्हणत होती. कुठे तरी कुकरची शिट्टी झाली. कोणी तरी कोणाला तरी, “अगो, मीठ दे गो वाटीभर!” म्हणून हाक मारली.

मी खिडक्या उघडल्या. तिथे एक चटई पडून होती, ती बेडरूममध्ये पसरली. काका हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले आणि घड्याळात बघायला लागले. काकू खोल्याखोल्यांतून फिरल्या. त्यांनी कशालाच हात लावला नाही. बेडरूममध्ये त्या मधोमध उभ्या राहून नुसतं ऐकत होत्या.

“जरा टेकते हं,” त्या म्हणाल्या आणि चटईवर भिंतीला पाठ लावून बसल्या. पाय पसरले. पिन नीट केली.

मी पाणी घेऊन दोन मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांची मान कलली होती. मी बघत असतानाच त्या हळूहळू घसरत आडव्या झाल्या, हात डोक्याखाली गेला, गुडघे पोटाशी आले. त्यांना झोप लागली होती. चेहऱ्यावरचं काही तरी उतरवून ठेवल्यासारखं दिसत होतं. मला क्षणभर ती बाई कोणी दुसरीच वाटली.

मी हॉलमध्ये येऊन हळूच सांगितलं, “काकूंचा डोळा लागला.”

“कोणाचा?” काका म्हणाले.

“काकूंचा. झोपल्यात.”

ते उठले. दारापर्यंत गेले, आणि तिथेच थांबले. चौकटीला हात लावून ते किती तरी वेळ तसेच उभे होते. खिडकीतून आलेला उन्हाचा तुकडा काकूंच्या पावलांवर पडला होता. खाली शिंप्याचं मशीन धावत होतं, थांबत होतं, पुन्हा धावत होतं. बारा सक्क बाहत्तर, मुलं म्हणत होती, बारा साते चौऱ्याऐंशी.

मशीनचा आवाज फार होतोय असं वाटून मी खिडकी लावायला पुढे झाले. काकांनी माझं मनगट धरलं.

“नको,” ते अगदी कुजबुजले. “राहू दे उघडी. गप्प झालं की जागी होईल ती.”

आम्ही हॉलमध्ये येऊन फरशीवर बसलो. त्या आवाजांत, त्या मोहोराच्या वासात मलाही पापण्या उघड्या ठेवणं जड जात होतं. भिंतीवरच्या सावल्या इतक्या सावकाश सरकत होत्या की, ही दुपार सरणार नाही, आम्ही तिघं इथेच असू, असं काही तरी मनात तरंगत होतं. आणि त्या अर्धवट गुंगीतच मला त्यांचा आवाज ऐकू आला.

“मी हिला झोपलेली कधी बघितलीच नाही.”

मी सावध झाले.

“कधीच नाही?”

“लग्नानंतरचं एखादं वर्ष असेल. मग नाही. मी रात्रपाळी करून पहाटे उतरायचो, ती उठलेली असायची. दिवसा मी झोपायचो, ती दाराशी बसून पोरीला, कोंबड्यांना, सगळ्यांना गप्प करायची. मला वाटायचं, झोपत असेल मधे कधी तरी. बायका झोपतात केव्हा, आपण कुठे बघतो.”

त्यांनी घड्याळ काढून हातात घेतलं, पण बघितलं नाही.

“वीज यायच्या आधीची गोष्ट. दिवा फिरवायला मोठ्या घड्याळासारखं यंत्र असायचं. वजन खाली खाली उतरायचं, तसा दिवा फिरायचा. तळाला आलं की हँडल मारून वर चढवायचं. नाही चढवलं तर दिवा थांबला. थांबलेला दिवा आणि गावातला दिवा, बोटीवरच्या माणसाला कळत नाही कोणता कुठला. फिरला तरच तो आमचा.” ते थांबले. “माझ्याबरोबरचा माणूस तापानं पडला होता. सलग तिसरी रात्र होती माझी. पहाटेचा प्रहर. मला डोळा लागला.”

खाली कुकरनं शिट्टी दिली. दोघांनीही मान वळवून बेडरूमकडे बघितलं. काकू हलल्या नाहीत.

“जाग आली तेव्हा ही समोर उभी. घामानं थबथबलेली. क्वार्टरपासून वर एकशे अठ्ठावीस पायऱ्या होत्या. दिवा फिरत होता. मला वाटलं, मी दोनच मिनिटं झोपलो असेन. नंतर माझं मीच जुळवलं. झोत दर फेरीला आमच्या खिडकीसमोरच्या माडांवरून जायचा, तो यायचा थांबला म्हणून ती धावत आली. आणि मला आधी उठवलं नाही. आधी हँडल मारलं. वजन चढवलं, दिवा फिरायला लागला, मग मला हात लावला. म्हणाली, ‘चहा आणू का?’ त्या रात्री दोन मचवे बंदरात आले, धड आले. कोणाला काही कळलं नाही. माझी नोकरी राहिली. आम्ही त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.”

“आणि तेव्हापासून?”

“तेव्हापासून ती खिडकीशी.” त्यांनी घड्याळ मुठीत मिटलं. “पुढे वीज आली, सगळं आपोआप झालं. बदल्या झाल्या. ही खिडकीशीच. मी लोकांना कौतुकानं सांगायचो, आमच्या हिला समुद्राचं वेड. अगं, ती समुद्र कुठे बघत होती! ती माझा दिवा बघत होती.”

मी आत डोकावून आले. काकू गाढ झोपल्या होत्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुझ्याकडे आली होती का ती?”

मी फरशीकडे बघत राहिले. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“नको सांगू,” ते म्हणाले. “शब्द दिला असशील तर नको मोडूस.”

चार वाजले. साडेचार वाजले. शिकवणीची मुलं सुटली, त्यांच्या चपलांचा फटफट आवाज अंगणातून गेला. दोरीवरचे कपडे कोणी तरी काढून नेले. शिंपी चहाला उठला असावा, मशीन बराच वेळ थांबलं, तेव्हा काका तडक उठून खिडकीशी गेले आणि खाली बघत उभे राहिले. तो माणूस परत कधी येतो याची ते वाट बघत होते. पण आतून काही हालचाल झाली नाही. आता काकूंना मशीनचीही गरज उरली नव्हती. पावणेपाचला मी जाऊन समोरच्या दुकानातून बिल्डरला फोन केला, आज जमत नाही म्हणून. तो भडकला. मी ऐकून घेतलं.

पाच वाजून गेल्यावर काकू जाग्या झाल्या. आधी कुठे आहोत ते त्यांना कळेना. मग एकदम उठून बसल्या आणि केस सारखे करायला लागल्या.

“अगो बाई! झोप लागली की काय मला? किती वेळ झाला?”

“दहा मिनिटं,” काका म्हणाले.

“खोटं. ऊन बघा कुठे गेलंय.”

“फेब्रुवारीत उतरतं लवकर.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी चटईची सुरळी करायला घेतली.

“आणि ते बिल्डरकडे जायचं होतं ना?” त्या उठत म्हणाल्या. “चला, उशीर नको. तो समुद्राचा तुम्हाला एवढा आवडलाय.”

“कुमुद,” काका म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदाच मी त्यांना नावानं हाक मारताना ऐकलं. “हे घर कसं वाटलं?”

“हे? हे मी बघितलंच कुठे? मी तर झोपले होते.”

“मी बघितलं,” काका म्हणाले.

काकू काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळून खिडकीशी गेल्या. खाली अंगणात एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं वर बघितलं आणि ओळख ना पाळख, विचारलं, “नवीन येणार काय हो तुम्ही?”

काकूंनी मागे वळून काकांकडे बघितलं. काकांनी होकारार्थी मान हलवली.

“होय,” काकू म्हणाल्या. आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या रडायला लागल्या. बाई खालून घाबरून विचारत होती, “काय झालं हो?” आणि काका वरून सांगत होते, “काही नाही, काही नाही, येतो आम्ही राहायला.”

कागदपत्रं नीट तपासून, सोसायटीची पत्रं बघून, पश्चिमेची भिंत ओल धरते का ते मामाकडून पाहून घेऊन त्यांनी महिन्याभरात तो फ्लॅट घेतला. मुरुगवाड्याचा फ्लॅट पुढे दुसऱ्याच कोणी घेतला, आनंदात असतील ते. समुद्राचं काही वाकडं नाही. मी मात्र त्या दिवसापासून घर दाखवायची पद्धत बदलली. आज तेवीस वर्षं झाली. कोणी दहा मिनिटांत घर बघून हो म्हणालं तर मी कागद पुढे करत नाही. सांगते, दुपारी या, जेवून या, चटई आणा. दोन तास बसा आणि एकमेकांना काही विचारू नका. काही लोक मला वेडी समजतात. काही येतात.

वास्तुशांतीला मी गेले होते. अंगणातली निम्मी माणसं वर जेवायला होती. शिंपी, शिकवणीच्या बाई, ती तांदूळ पाखडणारी बाई आणि तिचा नातू. काकू वाढत होत्या, एकीकडे कोणाशी तरी मोदकाच्या सारणावरून वाद घालत होत्या. काका गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“तुम्हाला झोप येते का काका इथे?” मी विचारलं. “समुद्राशिवाय?”

“मला? छे. टक्क जागा असतो रात्रभर.” ते आतल्या खोलीकडे बघून घेऊन माझ्या कानाशी वाकले. “तुला एक सांगू? ती घोरते. चांगली जोरात घोरते. चौतीस वर्षांत मला पत्ताच नव्हता!”

हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

“काय सांगताय तिला?” काकूंनी आतून विचारलं.

“काही नाही गं,” काका म्हणाले. “म्हटलं, इथली हवा चांगली आहे.”